मुंबई नाका, समोरासमोर

सातपूरला आमच्या मशिनीवर
दोन्ही मोबाइल कंपन्यांचे फ्लेक्स निघतात.
शाई तीच. निळी यांना जरा जास्त लागते.

सोमवारी यांचा चढला :
‘दोन दिवस चार्जरला विसरा.’
गुरुवारी बरोब्बर समोर त्यांचा,
बाण पलीकडे रोखून :
‘विसरभोळेपणा बरा नव्हे. अकरा मिनिटांत फुल्ल.’
नाव कोणी कोणाचं घेत नाही,
अबोला धरलेल्या जावांसारखं.

मग दोघांनीही लिहिलं, ‘नाशिककरांची पसंती’.
विचारलं कधी नाशिककरांना?
मला तर नाही. खर्जुलला तर नाहीच.
तो रात्री दोनला एकाच दोरानं
दोन्ही सांगाड्यांवर चढतो,
आणि खाली आला की
रबरबँड लावलेल्या फोनवरून
बायकोला कळवतो, उतरलो.

कोपऱ्यातली चांदणी मीच बसवतो,
‘अटी लागू’ इतकं बारीक
की नमुना तपासताना मलाच
चष्मा पुसावा लागतो.

काल पिंपळगावचा एकजण
उतरवलेले दोन्ही मागून घेऊन गेला,
कांद्याच्या चाळीवर टाकायला.
जोडून शिवतो म्हणाला.
कुठली बाजू वर? मी विचारलं.
पांढरी, म्हणाला.
उन्हात कमी तापते.