पीयूसी व्हॅन, वरणगाव फाटा

पेट्रोलपंपाच्या कडुनिंबाखाली
माझी व्हॅन उभी असते, चाकांत हवा नसलेली.
आत एक संगणक, एक कॅमेरा, एक नळी.
दिवसाला तीस-चाळीस गाड्यांच्या मागे वाकते मी,
नळी खुपसते, म्हणते, "दादा, रेस द्या."
गाडी खोकते. आकडा येतो. शिक्का.
सहा महिने धूर निर्दोष.

बारा वर्षं झाली.
आता वासावरूनच ओळखते:
केळीच्या ट्रकचा जड, गोडसर,
वाळूच्या डंपरचा तिखट,
आणि रॉकेल पाजलेल्या काळीपिवळीचा तर
पार वळणावरूनच.
पांढरा रुमाल आणायचा सोडून दिलाय.

आज फाट्यावर पेपर हातोहात फिरतोय.
नवी डिझेलगाडी विकायचीच नाही,
असं कुठल्याशा समितीनं सुचवलंय म्हणे.
कायदा नाही, नुसती सूचना,
तरी हॉटेलवाल्याचा चहा तीनदा निवला.

शोरूमचा हेमराज भारंबे म्हणाला,
"गिऱ्हाईक ठरवेल ना काय घ्यायचं ते.
सरकारनं रस्ते करावे, दुकानात येऊ नये."
पारोळ्याच्या दौलतनं छोट्या हत्तीच्या बॉनेटवर थाप मारली,
"मन्ही गाडी शे, मन्हा घाम शे,
सरकारनं काय जास?"
नोझल दुरुस्त करणारा सुभान तडवी काहीच बोलला नाही.
हाताचा काळा पुसत राहिला.
तो निघत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाले असते, थांबवा.
ज्यांनी धूर फक्त लांबून पाहिलाय
त्यांनी निवडीच्या गप्पा माराव्यात.
मी बारा वर्षं त्याच्या तोंडाशी बसलेय,
त्यात माझी निवड कधी होती?

पण थांबवायचं म्हणजे कुणाला?
ज्याच्या दारात आधीच तीन उभ्या आहेत त्याला नाही,
जो पहिली घ्यायला निघालाय त्याला.
आणि बंदी काय, आम्ही गुटख्याचीही पाहिलीय.
बुऱ्हाणपूर इथून किती लांब?
उद्या नंबरपाटी तिकडची
आणि धूर आमचा.

शिवाय तो दीपनगरचा उंच धुराडा.
रोज त्याच्याकडे पाठ करून बसते,
उन्हामुळे, असं सांगते.
छेचाळीस अंशात तो निवांत सोडत असतो
सगळ्या जिल्ह्याच्या गाड्यांचा मिळून एक धूर.
दोरीवरचं धुणं संध्याकाळी झटकलं
की राख उडते, करडी, मऊ.
त्याच्या मागे वाकायला कुणी ठेवलेलं नाही.
माझी नळी दीड मीटरची.

आणि खरं सांगायचं तर
वीज गेली की माझा संगणकही
पेट्रोलच्या जनरेटरवर चालतो.
व्हॅनच्या मागे तो भकभकत असतो.
त्याची तपासणी मी आजवर केलेली नाही.

चारच्या सुमारास एक ई-रिक्षा आली.
चालवणारी बाई, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ,
पासष्टीची असेल, नाव सांगितलं लीलाबाई सपकाळे.
"पोलीस म्हणे कागद पाहिजे. काढून दे."
मी सवयीनं नळी घेऊन मागे गेले, वाकले.
मागे काही नव्हतंच.
सपाट पत्रा, त्यावर पिवळ्या रंगात नातवाचं नाव.
नळी हातात धरून तशीच क्षणभर.

"चार्ज कुठे करता?"
"घरी. रात्री. आली तर."
तिनं बोट केलं, घराकडे असावं,
पण त्या बाजूला धुराडाही होता.

"याला कागद लागत नाही, मावशी."
तिला पटलं नाही.
पन्नासची नोट पुढे करून म्हणाली,
"लागत नाही असं तरी लिहून दे, शिक्का मारून."

संगणकात तसा रकानाच नाही.
मागच्या पाठकोऱ्या कागदावर
पेनानं लिहायला घेतलं,
'सदर वाहनास धूर नाही',
आणि तिथेच थांबले.
सुभान टपरीवरून बघत होता.
लीलाबाई म्हणाली, "लिही ना. पुढे काय?"