शून्य रुपयांचं तिकीट

फुकट आहे, तरी तिकीट फाडतात.
खिडकीतल्या मुलीने गुलाबी कागदावर शिक्का मारला,
रुपये शून्य,
आणि विचारलं, ज्येष्ठ नागरिक का?
जणू शून्यालाही सवलत असते.

बाबांनी तिकिटाची घडी करून टोपीत खोचली.
मुकादमाच्या चिठ्ठ्या तिथंच राहायच्या,
घामाने अक्षरं फुटेपर्यंत.

पारसिकच्या या खाणीत आता बाग आहे.
फुलपाखरू उद्यान, प्रसाधनगृह, कलादालन,
असे तीन बाण एकाच खांबावर.
खाली बेलापूरच्या काचा, त्यापलीकडे
ओहोटी लागलेली खाडी.
सोनमोहराखाली एक जोडपं डबा उघडून बसलंय,
लोणच्याचा वास वाटेपर्यंत येतो.

बाबा पाट्या वाचत नाहीत. कडा वाचतात.
सुरुंगाची भोकं अजून आहेत त्यात,
उभी, अर्धीच उरलेली,
बासरी मधोमध चिरावी तशी.
"ते तिसरं माझं," म्हणाले.
असेलही. कुठून मोजायचं ते मी विचारलं नाही.

आत गारवा, आणि आमच्याच चपलांचा आवाज.
एक मोठा निळा चौकोन. खाली चिठ्ठी: अशीर्षक.
"म्हणजे?"
"नाव नाही ठेवलेलं."
"वारलं असंल आधीच," बाबा म्हणाले
आणि पुढे गेले.
मी त्या निळ्यापाशी जरा जास्तच थांबले.

दुसऱ्या खोलीत डोंगर होता.
जुनं जलरंगाचं चित्र, कडेला वाळवीने खाल्लेलं,
त्यात पारसिक अख्खा,
वरची सोंडसुद्धा जागेवर.
बाबांनी बोट काचेपासून वीतभर लांब धरलं
आणि हवेतच डोंगर उतरायला लागले.
हे रस्त्याला गेलं.
हे सेक्टर पंधराच्या पायाला.
हे स्टेशनाच्या फरशीखाली.
हे तुझ्या फीला.
मग बोट एका जागी थांबलं,
आणि त्या जागेचं ते काही बोलले नाहीत.
आई तिथंच पाणी घेऊन यायची, डोक्यावर दोन हंडे.

शेवटी ती दगडाची बाई.
काळी, बसलेली, गुडघ्यावर हनुवटी.
नाव 'विसावा', माध्यम बेसाल्ट.
बाबांनी पाटीकडे पाहिलंच नाही,
बोटाच्या पेराने खांद्यावर टकटक केलं
आणि कान लावला.

"आजोबा, हात नाय लावायचा."
प्लास्टिकच्या खुर्चीतून मुलगा उठला,
छातीवर बिल्ला: केणी.
"लावत नाही. वाजवतोय."
पुन्हा टकटक, आता दुसऱ्या खांद्यावर.
"हा बोलतो. तो बोलत नाही. डाव्यात फट आहे पोरा,
आणखी पाच पावसाळे उघड्यावर ठेवली तर हात सुटंल."
"पण ही आतच असते."
"मग बरं."

केणीने वर कॅमेऱ्याकडे पाहिलं.
दाराकडे पाहिलं.
मग हळूच, "कुठंय?"
बाबांनी त्याचंच मनगट धरलं,
त्याचंच पेर आपटलं दगडावर,
एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.
तो वाकून ऐकत राहिला.
दोन वर्षं तिच्यासमोर बसतो, म्हणाला,
आवाज आज ऐकला.

बाहेर पडताना अभिप्रायाची वही, पेनाला सुतळी.
आमच्या आधी कुणीतरी लिहिलेलं:
छान उपक्रम, एसी चांगला आहे.
बाबांना लिहिता येत नाही,
ते सांगत गेले, मी लिहीत गेले.
डाव्या खांद्यात फट आहे. बाई चांगली.
डोंगराचं चित्र थोडं खाली लावा, मान दुखते.
नाव: दुर्गप्पा.
पत्त्यात मी नेरूळ लिहायला घेतलं
तर म्हणाले, इथलंच लिही.

मी पेन धरून उभी.
केणी मागून म्हणाला,
पिनकोड पण लागतो, ताई.