परतीचं भोक

स्ट्रॉमनेसला झाडं फारशी नाहीत, म्हणून वारा लोखंड खातो.
एर्लंडची शहात्तरची सुझुकी
माझ्या शेडमध्ये अकरा वर्षं ताडपत्रीखाली होती.
बोट विकली त्या दिवशी तो चालत घरी गेला,
आणि गाडी न्यायला यायचं
तर माझ्याशी बोलावं लागलं असतं.

मार्चमध्ये मी ताडपत्री काढली. उगीच.
फेरीबोटीवरची नोकरी संपली की हातांना काहीतरी लागतं.
पुढचं चाक ढकललं, हलेना.
ब्रेक लागलेला.
कुणीही न दाबता लागून राहिलेला.

कॅलिपर उतरवला. पिस्टन निघेना.
ग्रीसगन लावून पंप करत बसले
तेव्हा कुठे तो कुरकुरत, अक्कलदाढेसारखा, बाहेर आला.
क्रोमवर देवीचे व्रण.
आतलं तेल काकवी झालेलं.
ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पीत राहतं,
झाकण कितीही आवळा.
चोरून पिणाऱ्यासारखं, वरून काही दिसत नाही,
ऐन उतारावर कळतं.

सीलच्या खाचेत पांढरा खर साचला होता.
दातांच्या डॉक्टरीणबाई लिंकलेटर, त्यांच्याकडून
मोडका आकडा मागून आणला
आणि दोन संध्याकाळी खरवडत बसले.
सील म्हणजे काय, चौकोनी धारेचं रबरी कडं.
लिव्हर दाबली की ते जरा पिळवटतं,
सोडली की सरळ होतं,
आणि सरळ होता होता पिस्टनला केसभर मागं घेतं.
केसभरच.
त्या केसभरात चाक फिरतं.

पण मूळ दुखणं वर होतं, मास्टर सिलिंडरमध्ये.
तेलाच्या डबीच्या तळाशी दोन भोकं.
एक दिसतं.
दुसरं इतकं पीरी
(आम्ही बेटावरचे बारीकला पीरी म्हणतो)
की जुन्या पुस्तकात चित्र नसतं
तर मी नुसतं पुसून झाकण लावलं असतं.
तेल परत यायची तीच वाट.
ती बुजली की दाबलेलं दाबलेलंच राहतं.
फिडलच्या सगळ्यात बारीक तारेनं मी ती मोकळी केली.
एक काळा कण निघाला,
खसखशीच्या निम्मा.

नवं तेल, नळी, जॅमची बरणी.
तरी लिव्हर लोण्यात बोट घालावं तशी.
कुठेतरी हवा.
एक हात लिव्हरवर, एक पान्यावर,
आणि डबीतलं तेल संपतंय का बघायला तिसरा नाही.
चार दिवस एकटीनं केलं.
पाचव्या दिवशी फोन लावला.
"थोरा बोलतेय. लिव्हर दाबायला माणूस हवाय."
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला,
त्याच्याकडचा की माझ्याकडचा, कळेना.

तो आला. टोपी काढली नाही.
मी खाली फरशीवर, तो वर.
"दाब."
"हं."
"धर."
पाना पाव फेरा. बरणीत बुडबुडे.
पाना बंद.
"सोड."

दाब. धर. सोड.
तासभर या तीन शब्दांच्या पुढे
आम्ही गेलो नाही.
लोक धरसोडीला नावं ठेवतात.
आमच्या घरात नुसती धर होती.

"अजून मऊ आहे," तो म्हणाला.
खिशातून निळ्या दोरीचा तुकडा काढला,
बोटीवरचा, मी ओळखला,
आणि लिव्हर मुठीला आवळून बांधली.
उरलेली हवा रात्रीतून आपली आपण वर चढते म्हणे.
बोटीचं नाव त्यानं काढलं नाही. मीही नाही.
निघताना डबीच्या झाकणावर बोट फिरवलं.
"चार स्क्रू लागतात. इथे तीन आहेत."
"एक हरवला."
"घरी असेल. उद्या बघतो."

सकाळी शेडमध्ये गेले.
गाठ वडिलांची, एक टोक ओढलं की सुटणारी.
दोन बोटांत टोक धरलं, ठेवून दिलं.
लिव्हर अजून बांधलेलीच आहे.
साडेनऊ वाजलेत.
स्क्रू यायचाय.