बाप्तिस्म्याचं झबलं

उभादांड्याच्या घरात, खिडकीपाशी,
रुझारिन झबल्याला इस्त्री करतेय.
पणजीच्या हातची लेस, मांजरपाटाचं अस्तर,
खाली काठाशी पैशाएवढा तपकिरी डाग.
आमच्या घरातलं प्रत्येक पोर यातच ख्रिस्ती झालं:
मी आणि ती, तेव्हा ते कोरं होतं,
मग धाकटा कुस्तोद, मग तिच्या तिन्ही मुली.
रविवारी तिची नात,
अकरा आठवड्यांची.

फादर म्हणाले, पाप जन्मासोबतच येतं.
आदामाने खाल्लं, आपण सगळे खातेदार.
मला समजायला जड गेलं नाही.
आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत,
त्यातली अकरा कबरीत, दोन आफ्रिकेत,
आणि पणजोबाने बांधावरून काढलेल्या तंट्याच्या
तारखेला अजून मी जातो,
जेवणाचा डबा घेऊन.

बायबलात फळाचं नाव नाही.
सफरचंद मागाहून घातलं
थंड मुलखातल्या कुणीतरी.
इथे असतं तर ते बोंडूच असतं:
बी पोटात लपवायचं सोडून बाहेर लटकवणारं,
गोड लागता लागता घसा धरणारं.
ज्या गलबतांतून काजू आला
त्याच गलबतांतून डोक्यावर पाणी ओतणारे आले,
आमची नावं घेऊन.
दुखणं आणि औषध एकाच पेटाऱ्यात.

मी आठ वर्षांचा, ती सहाची.
एप्रिल. नाईकांच्या भरडावरची वई ओलांडून
मी म्हणालो, तू चढ, तू हलकी आहेस.
ती चढली. चार पिवळी बोंडं खाली टाकली,
पाचव्याला हात घातला
आणि फांदीसकट आली.
उठली, कोपर झटकलं, हसली.
पडणं म्हणाल तर तेवढंच.

घरामागे दोरीवर झबलं वाळत होतं,
दोन दिवसांनी कुस्तोदचा बाप्तिस्मा.
माझे हात चिकट. मी पुसले.
विचार न करता.
की करून?
साठ वर्षं हेच ठरवतोय.

संध्याकाळी बापाने विचारलं, कोणी?
मी म्हणालो, तिने.
दोन अक्षरं.
जगातलं सगळ्यात जुनं उत्तर,
आणि मला ते कुणी शिकवलं नव्हतं.

तिच्या पोटऱ्यांवर निरगुडीची शिमटी उठली.
रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली.
आई विहिरीवर साबण घासत म्हणाली,
हंगाम सरलो काय डाग जाता.
हंगाम सरला.
पुढे किती सरले.
नाईकांनी काजू तोडून तिथे लॉज बांधलं.

रविवारी फादर विचारतात,
सैतानाचा धिक्कार करता का?
मी धर्मबाप. मी म्हणतो, करतो.
पोर झोपलंय माझ्या हातांवर.
तिच्या वतीने कुणी खाल्लं,
तिच्या वतीने कुणी नाकारलं,
तिला अजून स्वतःची मानही धरता येत नाही.

शेजारी रुझारिन.
झबल्याचा काठ तिने अंगठ्याखाली घेतलाय,
डाग फोटोत येऊ नये म्हणून.
मी पुटपुटतो, रुझारिन, तो डाग...

"माका म्हायत आसा," ती म्हणते,
माझ्याकडे न बघता.
"चेडवाची मान धर."

पाणी पडतं.
मुलगी अशी किंचाळते
की दारातला कुत्रा उठून अंगणात जातो.
लोक हसतात, फादरही.
मी दोन्ही हातांनी
मान धरून उभा.