हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आप्पांना
आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं
दोंडाईच्याच्या बँकेत, तीन नंबरच्या खिडकीपाशी.

आदल्या रात्री दाढी. बुटांना पॉलिश.
सुजलेले पाय त्या बुटांत जात नाहीत आता,
तरी पॉलिश; आणि सकाळी चपला घालून निघतात.
माझ्या स्कूटीवर मागे बसतात, ताठ.
मला धरत नाहीत,
फाईल धरतात.

रस्त्याच्या कडेनं मिरचीच्या पथाऱ्या,
नजर पोचेल तिथवर लाल.
मी दोनदा शिंकते. आप्पा शिंकत नाहीत.
फौजेतून आल्यावर बावीस वर्षं
याच मिरचीची पोती मोजली त्यांनी
मांगीलालशेठच्या वखारीत.
हवालदार भटेसिंग गिरासे
सुतळी, दाभण आणि काटा घेऊन.
आम्हा चौघांच्या फिया, दोन लग्नं, आईचं ऑपरेशन,
सगळ्याला त्या खाटाचा वास होता.

‘अंगठा ठेवा, बाबा.’
लाल दिवा.
‘पुसून ठेवा.’
पायजम्याला पुसून ठेवला. लाल दिवा.
मग तर्जनी, मग डावा हात,
करंगळीसुद्धा.
पोरगा मशीनवर फुंकर मारतो:
‘रेषाच उरल्या नाहीत तुमच्या. ओळखत नाही हे.’
आप्पा खिडकीत वाकून म्हणतात,
‘पन मी शे ना आठे!’
मागच्या रांगेत कुणीतरी हसतं.

घरी लोखंडी ट्रंकेत
पासष्ट सालचं एक आंतरदेशीय पत्र आहे.
भाऊ तेव्हा पाच महिन्यांचा, आईला अक्षर येत नव्हतं,
तर यांनी पत्रात लिहिलंच नाही काही;
कागदावर हात ठेवला
आणि पेन्सिल फिरवली भोवती.
पोस्टमन म्हणाला, ‘काय लिखेल शे?’
आई म्हणाली, ‘हात शे.’
घडीवर फाटलेलं, अंगठ्यापाशी काळपट,
आईचा हात तिथंच टेकत असणार.

त्यानंतर आठच दिवसांनी ते उसात शिरले होते.
एवढंच माहीत आहे मला: ऊस होता, रात्र होती,
उसाच्या वर फक्त रणगाड्याचा आवाज.
सांगायला बसले की ऊस किती उंच होता
इथवर येतात,
मग पानाचा डबा शोधतात.

सारंगखेड्याच्या यात्रेत मी रसासाठी रडायचे.
घोडे बघून झाले की हट्ट करायचे.
आप्पा पैसे द्यायचे,
आणि मी ग्लास संपवेपर्यंत
चरकाकडे पाठ करून उभे राहायचे,
तापीच्या बाजूला तोंड.
मला वाटायचं त्यांना घुंगरांचा आवाज आवडत नाही.

आई गेल्यावर कळण्याची भाकरी थापायला शिकले,
सत्तराव्या वर्षी.
पहिल्या महिनाभर कडा चिरायच्या.
वहिनीला तव्याजवळ येऊ देत नसत.

शेवटी पोरगा आतून दुसरं मशीन आणतो.
‘डोळा मोठा करा. हलू नका.’
आप्पा सावधानमध्ये उभे.
मोतीबिंदू काढलेला तो डोळा
मशीनला लगेच पटतो.
हिरवा दिवा. पावती.
पावतीवर नाव चुकलंय, भाटेसिंग झालंय;
आप्पा म्हणतात, ऱ्हाऊ दे.

रात्री सगळे निजले की ते उठतात.
काठी वाजेल म्हणून भिंतीला धरून येतात
आणि मोजतात, खाटेखाटेशी थांबून, ओठांत.
लहानपणी वाटायचं पांघरूण सारायला येतात.
मी माहेरी आले की या घरात
त्यांना सोडून सात माणसं.
सातपर्यंत आवाज सरळ असतो.
मग दाराशी, जिथे काहीच नाही
चपलांखेरीज,
तिथं उभं राहून
आठ. नऊ.
दहा म्हणायला वेळ लागतो त्यांना.

काल मी जागीच होते.
माझा नंबर पाचवा.
घशात खोकला आला होता, दाबला;
मोजणी पहिल्यापासून नको व्हायला.