उलटी वळलेली वेणी

नागपुरात लोकर मे महिन्यातच हातात घ्यावी लागते,
नाहीतर डिसेंबर गाठता येत नाही.
कूलरसमोर बसायचं, वाळ्याच्या ओल्या वासात,
बाहेर सेहेचाळीस अंश
आणि मांडीवर कुणाच्या तरी थंडीची तयारी.
बोटांना घाम सुटतो, धागा सुईवर अडतो.
वीज गेली की बोटांना पावडर लावायची
आणि खिडकीशी सरकायचं.
ढोबळेबाई गॅलरीतून विचारतात,
"काय करून राहिली जी एवढ्या उन्हात?"
मोजून राहिली.
बोलू नका, टाका चुकेल.

एकशे बारा टाके. दोन सुलट, दोन उलट.
टेलिफोन एक्स्चेंजपासूनची खोड ही.
कानात वर्धा, चांदूर, बल्लारशा,
आणि दोन ट्रंक कॉलांच्या मधल्या फटीत चार ओळी.
शेवंता मेश्रामची शाल तिथेच पुरी झाली.
निलोफरच्या जुळ्यांची टोपडीही:
एक हिरवं,
दुसरंही हिरवंच, लोकर तेवढीच होती.

माप मी कुणाला मागत नाही.
मागितलं की माणूस "कशाला गं" म्हणतो
आणि पोट आत ओढून घेतो.
दारात निरोप देताना पाठीवर हात ठेवायचा.
दोन विती, चार बोटं.
घरी येईपर्यंत मुठीत जपायचं.

दिगंबरचा स्वेटर असाच मोजला.
इतवारीतून आणलेली राखाडी लोकर, नऊ गोळे,
छातीवर दोन वेण्या.
डावी एका जागी उलटी वळली,
कारण त्या रात्री वहिनीचा फोन आला होता,
वाटणीचा,
आणि मी ऐकत ऐकत विणत होते.
चौदा ओळी उसवायला हव्या होत्या.
नाही उसवल्या.
"छान आहे गं ताई," तो म्हणाला,
आणि घडी न मोडता पिशवीत ठेवला.

परवा कॉटन मार्केटात, सकाळी साडेसहाला,
धुकं अजून संत्र्यांच्या ढिगांवर बसलेलं,
एक पोरगा क्रेट उतरवत होता.
राखाडी स्वेटर.
डावी वेणी
उलटी.

आधी तोंडात कडू आलं, बी चावल्यासारखं.
मग पाहिलं,
बाह्या मनगटावर दोनदा दुमडलेल्या,
पट्टीत तणसाच्या काड्या अडकलेल्या,
उजवं कोपर फाटून आतला निळा शर्ट दिसत होता.
माझ्या हातचं इतकं वापरलेलं
मी कधी पाहिलं नव्हतं.
सगळे जपून ठेवतात. डांबराच्या गोळ्यांत.

"कुठून घेतला रे?"
"भेटला जी. एका सायबानं देल्ला."
"गरम आहे?"
"गरम हाय न. पन इथून वारा घुसते,"
आणि कोपर माझ्यापुढे धरलं,
जसं काही मीच त्याची जबाबदार.

दोन डझन घेतली. भाव केला नाही.
त्यानं एक वरून टाकलं.
पैसे देताना हात त्याच्या पाठीवर गेला, सवयीनं.
दीड वीत, दोन बोटं.
तो दचकून वळला, मी पिशवी उचलली.
"सोमवारी असतो का रे इथे?"
"रोजच असतो जी."

ट्रंकेच्या तळाशी राखाडी उरलीच नव्हती.
होती ती हळदी, शेवंताच्या शालीतली.
चालेल. कोपर काय, कुणी बघत नाही.

संध्याकाळी दिगंबरचा फोन आला,
कुठल्याशा कागदावर सही हवी होती.
सहज विचारलं, थंडी कशी काय तुमच्याकडे?
"आहे ना गं ताई. पण तुझा स्वेटर आहे की.
काल रात्रीच घातला होता."

रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला होता.
अठरा, एकोणीस.
हो, म्हटलं. घालत जा.
आणि विसावा टाका घातला.