एकशे दहा मिनिटं

पहाटे चारला मुंबईत जेवढं भरलं
त्यातलं अर्धं सहाच्या आतच गेलं.
विमान दाबोळीला टेकलं तेव्हा उरली चौथाई.
कायतान शिशाचा डबा मागच्या सीटवर ठेवतो,
पट्टा लावतो त्याला, झोपलेल्या पोराला लावावा तसा,
आणि नेमका वेर्ण्याच्या चढावर
खडीचा ट्रक आडवा.
फोनवर मी त्याला काही विचारत नाही.
घड्याळ त्याच्याकडेही आहे.

साडेनऊ. मडगाव.
माझ्या सुईत आठवा हिस्सा.
हिशेब बरोबर आहे,
वाटेत संपणारं धरूनच भरतात ते.

रोमाल्द फेर्नांदिस, वय अठ्ठावन्न,
बसवर कंडक्टर, मडगाव ते पणजी, तीस वर्षं.
बाही वर करत विचारतो, हें कितें?
मी सांगते: फ्लोरीन अठरा.
काल रात्री हे पाण्यातला ऑक्सिजन होतं,
जरा जड जातीचा.
एक प्रोटॉन चढला, एक न्यूट्रॉन उतरला,
पाटी बदलली.
आता दर एकशे दहा मिनिटांनी
यातलं अर्धं परत ऑक्सिजन होतं.
"म्हळ्यार हाफ तिकेट," तो म्हणतो,
आणि स्वतःच हसतो, उपाशीपोटी.

मग दिवा बंद.
तासभर बोलायचं नाही, हलायचं नाही.
जो स्नायू राबतो तो साखर ओढतो,
आणि ही साखर खूण बांधून सोडलेली.
दार लावताना पाहिलं,
हात मांडीवर ठेवलेले,
पण बोटं सुट्टे पैसे मोजल्यासारखी.

आत काय चाललं असेल ते मला पाठ आहे.
अणूतून पॉझिट्रॉन निघतो,
मिलिमीटरभरही जात नाही बहुधा,
इलेक्ट्रॉन भेटतो,
भेटले की दोघंही नसतात.
दोन किरण उरतात,
एकमेकांकडे पाठ करून पळणारे.
यंत्राचं कडं दोन्हीकडून त्यांना धरतं
आणि मधली जागा सांगतं.

पडद्यावर मेंदू उजळला, तो उजळतोच.
हृदय. मूत्राशय.
डाव्या फुफ्फुसात एक ठिपका,
त्याबद्दल बोलणं डॉक्टरांचं काम.
आणि गळा.
गळ्यात दोन बारीक कोंब, लख्ख.

म्हणजे बोलला हा.
अंधारात, ओठ न हलवता बहुतेक,
नुवें, वेर्णा, कुठ्ठाळी, आगशी,
थोरलें गोंय, बांबोळी, पणजी पणजी पणजी,
जागो आसा, फुडें वचात, फुडें...
मी अहवालात लिहिलं: कंठाशी सौम्य ग्रहण,
बोलण्यामुळे असावं.
स्टॉपांची नावं लिहायला रकाना नाही.

जाताना सांगितलं, संध्याकाळपर्यंत
लहान मुलं, गरोदर बायका, लांब.
त्याने मान हलवली.
शिकवलेलं सगळं मी सांगत नाही लोकांना,
पण त्याला सांगितलं,
फ्लोरीन मोडलं की जे उरतं
ती साधी साखर असते,
तुझं अंग ती खाऊन टाकेल.

खिडकीतून दिसला. फाटकाबाहेर
लेक आली होती न्यायला, सातवा महिना,
छत्री उघडून त्याच्याकडे चालत येत होती.
तो मागे सरकला.
दोन पावलं. आणखी दोन.
कुंपणाला पाठ लागली तेव्हा
हात वर करून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा
ओरडला:
"जागो ना गो! मागीर ये!"